पुलित्झर मिळवणारे पहिले भारतीय : विज्ञान पत्रकार गोबिंद बिहारी लाल

पुलित्झर पारितोषिकाचं नाव निघालं की आपल्या वाचकांना सर्वात आधी दानिश सिद्दीकी आठवतात. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ मध्ये हे पारितोषिक मिळालं, त्या चमूत दानिश होते. २०२२ मध्ये त्यांना ते मरणोत्तर पुन्हा मिळालं. पण हे पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय कोण, असं विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. शाळेत सामान्यज्ञानाच्या तासाला आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा कुणी लेखकाचं नाव घेतं, कुणी छायाचित्रकाराचं. उत्तर आहे गोबिंद बिहारी लाल. साल १९३७. आणि विशेष म्हणजे त्यांना ते राजकारण, युद्ध किंवा गुन्हेगारीच्या बातमीसाठी मिळालं नाही, विज्ञानाच्या बातमीसाठी मिळालं.

विज्ञान पत्रकार म्हणजे नेमका कोण, तो काय करतो आणि तो नसला तर समाजाचं काय नुकसान होतं, हे समजून घ्यायला लाल यांची कारकीर्द चांगली उपयोगी पडते. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत.

दिल्ली ते बर्कले

गोबिंद बिहारी लाल यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८८९ रोजी दिल्लीचा. शिक्षण दिल्लीत आणि पंजाब विद्यापीठात झालं. गदर चळवळीचे नेते लाला हरदयाळ हे त्यांचे नातेवाईक आणि जवळचे सहकारी. १९१२ मध्ये लाल अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत शिकायला गेले. तेव्हा त्यांचं वय होतं २२.

ते गेले ते शिष्यवृत्तीवर. या शिष्यवृत्तीची हकीकत सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात बटाट्याची शेती करून पैसा मिळवलेले ज्वाला सिंग नावाचे शीख शेतकरी होते. हिंदुस्तानातल्या हुशार पोरांनी अमेरिकेत येऊन उच्च शिक्षण घ्यावं म्हणून त्यांनी गुरू गोविंद सिंग यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. नाव शीख गुरूंचं, पैसा शीख शेतकऱ्याचा, पण ती फक्त शीख मुलांसाठी नव्हती. दिल्लीच्या हिंदू घरातल्या लाल यांना ती मिळाली. मातीत राबणाऱ्या एका माणसाने तालमीची किंमत ओळखली आणि त्यातून पुढे अमेरिकेतल्या पहिल्या फळीचा एक विज्ञान पत्रकार तयार झाला.

गदर आणि तुरुंग

बर्कलेत शिकत असतानाच लाल गदर चळवळीत ओढले गेले. ही संघटना १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभी राहिली. सोहन सिंग भकना अध्यक्ष, हरदयाळ चिटणीस. तिचं मुखपत्र 'गदर' सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचं. त्याचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ ला निघाला आणि तो उर्दूत होता. गुरुमुखी आवृत्ती त्यानंतर आली. म्हणजे हजारो मैल दूर, परक्या मुलखात, इंग्रजांविरुद्धच्या बंडाची पहिली जबान उर्दू होती.

या चळवळीत हिंदू, शीख, मुसलमान एकत्र होते. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला त्यात होते, ज्यांचा इंतकाल १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे त्यात होते. अमेरिकेतून परत येऊन ते लष्करी बंडाच्या तयारीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तार सिंग सराभांसोबत फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही याच चळवळीतले. ते पुढे मेक्सिकोत नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ झाले.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मनीच्या मदतीने ब्रिटिशांविरुद्ध उठाव करण्याचा कट अमेरिकेच्या भूमीवर रचला, असा आरोप ठेवून गदरवाल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला. इतिहासात तो 'हिंदू-जर्मन कट खटला' म्हणून ओळखला जातो. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्तानातल्या प्रत्येकाला, मग तो शीख असो की मुसलमान, 'हिंदू'च म्हणायचे, त्यामुळे खटल्याला हे नाव पडलं. नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८ असा तो चालला. शेवटच्या दिवशी रामचंद्र या आरोपीला दुसऱ्या आरोपीने भर कोर्टात गोळ्या घालून ठार केलं. लाल या खटल्यात दोषी ठरले आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

वर्तमानपत्राच्या कचेरीत

परदेशी माणूस, रंगाने सावळा, वर शिक्षा भोगलेला. अशा माणसाला पत्रकारिता कोण करू देणार? पण लाल सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रांत शिरले आणि टिकले. १९२५ पासून ते 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर'मध्ये होते. हे पत्र विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या मालकीचं. हर्स्ट यांची वृत्तपत्रं भडक बातम्यांसाठी बदनाम होती, आणि आशियातून येणाऱ्या लोकांविरुद्ध वातावरण तापवण्यातही ती पुढे होती. त्याच वृत्तपत्रांत एक हिंदुस्तानी माणूस विज्ञानाचा जाणकार म्हणून नाव कमावतो, ही बाब लहान नाही.

तेव्हाचा कायदाही ध्यानात घ्यावा लागेल. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्तानातून अमेरिकेत स्थलांतर जवळपास बंद केलं होतं. १९२३ मध्ये भगत सिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याच्या अर्थाने हिंदुस्तानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो अर्ज करून अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही. हा दरवाजा उघडला १९४६ मध्ये. मधली २३ वर्षं हिंदुस्तानातून गेलेल्या माणसाला त्या देशात काम करायला, कर भरायला मोकळीक होती, नागरिक व्हायला नव्हती. लाल यांच्या कारकिर्दीतली सर्वात मोठी कामगिरी याच काळातली आहे.

१९३० च्या सुमारास हर्स्ट यांच्या वृत्तसंस्थांसाठी लाल विज्ञान संपादक म्हणून काम करू लागले. 'युनिव्हर्सल सर्व्हिस' आणि नंतर 'इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस' या त्या संस्था. वृत्तसंस्थेचं काम म्हणजे एका माणसाने लिहिलेली बातमी तारेने देशभरच्या अखबारांत जाणार. त्यात चूक झाली तर ती एका गावात राहत नाही, सगळीकडे पोचते.

'विज्ञान लेखक' ही ओळख

त्या काळापर्यंत बहुतेक वर्तमानपत्रांत विज्ञानाची बातमी म्हणजे एक तर चमत्कार, नाहीतर थट्टा. पोलीस चौकीची बातमी करणारा वार्ताहर एखाद्या दिवशी प्राध्यापकाच्या व्याख्यानाला पाठवला जायचा. त्याला काही समजायचं नाही, तो मनाला येईल ते लिहायचा. शास्त्रज्ञांना याचा एवढा कंटाळा आला होता, की ते पत्रकार दिसला की दार लावून घ्यायचे. म्हणजे ज्ञान प्रयोगशाळेत आणि वाचक बाहेर, मध्ये बंद दार.

हे बदलायला सुरुवात झाली १९२१ मध्ये. वृत्तपत्र मालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स यांनी 'सायन्स सर्व्हिस' नावाची संस्था काढली आणि अचूक विज्ञानवृत्त वर्तमानपत्रांना पुरवायला घेतलं. पुढे १९३४ मध्ये बाराएक पत्रकारांनी मिळून विज्ञान लेखकांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. लाल संस्थापकांपैकी एक, आणि १९४० मध्ये तिचे अध्यक्ष. बातमीच्या वर आपल्या नावासोबत 'विज्ञान लेखक' असं छापून घेणाऱ्या पहिल्या पत्रकारांत लाल यांची गणना होते. आज हे शब्द साधे वाटतात. तेव्हा त्यांचा अर्थ असा होता, की हे एक स्वतंत्र काम आहे, त्याला वेगळा अभ्यास लागतो आणि त्याची जबाबदारी नाव देऊन घ्यावी लागते.

हार्वर्डचं संमेलन आणि पारितोषिक

अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ १६३६ मध्ये स्थापन झालं. १९३६ मध्ये त्याला ३०० वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने जगभरचे विद्वान तिथे जमले. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग, आणि आम्ही शिक्षक मंडळी बी.एड.ला ज्यांच्या विकासाच्या अवस्था पाठ करतो ते जीन पियाजे, असे सगळे एका ठिकाणी. एकामागून एक निबंध, प्रत्येकाची परिभाषा वेगळी, आणि संध्याकाळी बातमी द्यायची ती दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना समजेल अशी.

या संमेलनाच्या वार्तांकनासाठी १९३७ चं पुलित्झर पारितोषिक पाच पत्रकारांना विभागून मिळालं : हेरल्ड ट्रिब्यूनचे जॉन ओ'नील, न्यूयॉर्क टाइम्सचे विल्यम लॉरेन्स, असोसिएटेड प्रेसचे हॉवर्ड ब्लेक्सली, स्क्रिप्स-हॉवर्डचे डेव्हिड डीट्झ आणि युनिव्हर्सल सर्व्हिसचे गोबिंद बिहारी लाल. पाच माणसं, पाच स्पर्धक संस्था, एकच पारितोषिक. विज्ञानाचं वार्तांकन ही पत्रकारितेची मानाची शाखा आहे, हे यातून सगळ्यांसमोर मान्य झालं. लाल तेव्हा ४७ वर्षांचे होते.

पुढे अल्बर्ट आइन्स्टाइन, एन्रिको फर्मी, महात्मा गांधी अशांच्या मुलाखती त्यांच्या नावावर जमा झाल्या. १९५६ मध्ये त्यांना गुगेनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली. १९६९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं, आणि नंतर स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपत्रही. ज्या गोष्टीसाठी अमेरिकेत तुरुंगात गेले, त्याच गोष्टीसाठी मायदेशाने सन्मान केला. १ एप्रिल १९८२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत त्यांचं नाव हर्स्ट वृत्तपत्रांच्या सन्माननीय विज्ञान संपादकपदावर होतं.

याच पेशाची दुसरी बाजू

इथे थांबलो तर चित्र अर्धंच राहील. लाल यांच्यासोबत पारितोषिक घेणाऱ्या विल्यम लॉरेन्स यांची गोष्टही माहीत असायला हवी, कारण विज्ञान पत्रकार कुठे घसरू शकतो ते तिथे दिसतं.

लॉरेन्सही बाहेरून आलेले. जन्म लिथुआनियातला, ज्यू कुटुंबातला. १९०५ मध्ये अमेरिकेत पोचले आणि मेहनतीने न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेले. युरेनियमच्या अणूत केवढी ताकद आहे याची बातमी त्यांनी मे १९४० मध्येच पहिल्या पानावर दिली होती. त्यांची समज पाहून १९४५ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने त्यांना अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पात घेतलं. सरकारसाठी त्यांनी बॉम्बबद्दलची निवेदनं लिहिली. १६ जुलै १९४५ ची पहिली चाचणी त्यांनी पाहिली आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते सोबतच्या विमानात बसलेले होते. त्या वृत्तान्तासाठी आणि अणुबॉम्बवरच्या लेखमालेसाठी त्यांना १९४६ मध्ये दुसरं पुलित्झर मिळालं.

पण जमिनीवर काय झालं? ऑस्ट्रेलियाचे पत्रकार विल्फ्रेड बर्चेट स्वतः हिरोशिमाला गेले आणि ५ सप्टेंबर १९४५ च्या लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'मध्ये त्यांनी लिहिलं, की बॉम्बमधून वाचलेली माणसंही नंतर अनोळखी आजाराने मरत आहेत. आठवड्याभरात लॉरेन्स यांची बातमी आली. लष्कराने पत्रकारांना अमेरिकेतल्या चाचणीच्या जागी फिरवलं होतं, आणि किरणोत्सर्गाने माणसं मरतात हा जपान्यांचा प्रचार आहे, हे अधिकाऱ्यांचं म्हणणं त्या बातमीने उचलून धरलं. किरणोत्सर्गाने माणसं मरत होती, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. लॉरेन्स यांचं दुसरं पारितोषिक काढून घ्यावं, अशी मागणी पुढे अमेरिकेतल्याच पत्रकारांनी केली.

लॉरेन्स यांना विज्ञान कळत नव्हतं असं नाही, फार चांगलं कळत होतं. पण ज्याची बातमी द्यायची त्याच्याच पंगतीला ते जेवायला बसले. विज्ञान पत्रकाराला शास्त्रज्ञांजवळ जावंच लागतं, त्याशिवाय माहिती मिळत नाही. मात्र त्याने प्रश्न वाचकाच्या वतीने विचारायचे असतात. ते ज्या दिवशी थांबतं त्या दिवशी तो जाहिरातदार होतो, मग त्याच्याकडे कितीही पदकं असोत.

हे काम चालतं कसं

विज्ञानाची बातमी करणारा माणूस सर्वसाधारणपणे पुढचे प्रश्न विचारतो. यात नवीन काय आहे? प्रयोग कोणावर झाला, उंदरांवर की माणसांवर, आणि किती जणांवर? दुसऱ्या कोणी तो करून पाहिला का? पैसा कोणाचा आहे? आणि ज्या शास्त्रज्ञाचा या संशोधनाशी संबंध नाही, त्याचं मत काय? हे प्रश्न विचारले नाहीत, की उंदरांवरच्या एका प्रयोगाचा मथळा 'कर्करोगावर इलाज सापडला' असा होतो, आणि कुठल्यातरी घरातला रुग्ण चालू असलेलं औषध बंद करून त्या इलाजाच्या मागे लागतो.

आपल्या वस्त्यांत याचा अनुभव कमी नाही. पोलिओच्या डोसाबद्दल किती अफवा फिरल्या, दारावर आलेल्या आशा ताईंना आणि परिचारिकांना किती ठिकाणी परत पाठवलं गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अखेर घरोघर जाऊन समजूत घालणाऱ्या मोहल्ल्यातल्या बायका, डॉक्टर, इमाम आणि शिक्षक यांनी ती भिंत पाडली. देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. कोरोनाच्या काळात लसीबद्दल पुन्हा तेच. मोबाइलवर रात्रंदिवस संदेश फिरत होते, आणि लोकांच्या भाषेत, लोकांच्या शंकेला मान देऊन उत्तर देणारा माणूस शोधावा लागत होता. शंका विचारणारे अडाणी नव्हते. त्यांना उत्तर देणारं कोणी नव्हतं, म्हणून जो पहिला बोलला त्याचं त्यांनी ऐकलं.

आपल्या दोन्ही भाषांचा वारसा

हे काम आपल्याकडे कधी झालंच नाही, असं मात्र कुणी समजू नये. लाल यांच्याच दिल्लीत, त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, दिल्ली कॉलेजचे गणिती मास्टर रामचंद्र उर्दू नियतकालिकांतून नव्या विज्ञानाची ओळख करून देत होते. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून भूगोल, रसायन, निसर्गशास्त्र असे विषय वाचकांपर्यंत आणले. १९२८ हे साल तर दोन्ही भाषांसाठी महत्त्वाचं : मराठीत 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झालं, आणि मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूने 'सायन्स' हे उर्दू नियतकालिक काढलं. तेव्हा अंजुमनचं काम औरंगाबादहून चालायचं. १९९४ पासून डॉ. मोहम्मद अस्लम परवेझ यांनी दिल्लीहून उर्दू 'सायन्स' मासिक चालवलं.

जे विद्यार्थी या वाटेने जाऊ इच्छितात

बारावीनंतर विज्ञान शाखेतल्या मुलांसमोर आपल्याकडे दोनच नावं घेतली जातात, डॉक्टर आणि इंजिनिअर. नीटमध्ये गुण कमी पडले की मुलगा स्वतःला नापास समजतो. लाल यांची कारकीर्द सांगते, की विज्ञानाची आवड आणि लिहिण्याची आवड या दोन गोष्टी एकत्र आल्या तर तिसरी वाट आहे. बी.एस्सी. करून पत्रकारितेची पदविका किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. इंग्रजी चांगली लागते, कारण संशोधन बहुतेक त्याच भाषेत छापलं जातं. पण आपली खरी पुंजी वेगळी आहे. आपल्या मुलांना मराठी आणि उर्दू दोन्ही येतात. इंग्रजीत विज्ञान समजावणारे खूप आहेत. साखरेचा आजार, रमजानमधली औषधांची वेळ, विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड, उन्हाळ्यातली उष्माघाताची लाट, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला त्याच्या जबानीत नीट सांगणारे फार थोडे आहेत.

शाळांनीही सुरुवात करावी. विज्ञान प्रदर्शनात मॉडेल बनवणाऱ्या मुलांसोबत एक गट बातमीदारांचा ठेवावा. त्यांनी प्रत्येक प्रयोग पाहून वरचे प्रश्न विचारावेत आणि दोनशे शब्दांत, आपल्या आजीला समजेल अशी बातमी लिहावी. ती मराठीत आणि उर्दूत फलकावर लावावी. याला खर्च काहीच नाही. आणि संपादकांना विनंती, की आठवड्यातून एक कोपरा विज्ञानाला द्या, आणि तो अशा माणसाच्या हाती द्या जो विचारल्याशिवाय लिहीत नाही.